लेकीने आडनाव बदलावं का?

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, नोकरीसाठी अमेरिकेत गेल्या आणि तिथेच लग्न झालं. नवरा मेक्सिकन वंशाचा, पण त्याच्या आजोबांपासून सगळे टेक्सासचेच. त्याचा रूफिंगचा म्हणजे घरांची छतं बसवायचा धंदा आहे. मुलगी अकरावीत आहे, आडनाव वडिलांचं, रंगरूपही त्यांच्याच घरचं. एपी केमिस्ट्रीच्या (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) पहिल्या दिवशी टीचरने तिला विचारलं, ‘तू चुकीच्या वर्गात तर नाही ना आलीस?’ काउन्सेलरने मार्क न बघताच एपीऐवजी ब्यूटीपार्लरचा कोर्स सुचवला. वर्गातली मुलं म्हणतात, ‘तुला काय टेन्शन, तू हिस्पॅनिक (स्पॅनिश बोलणाऱ्या देशांच्या वंशाची) आहेस, कुठेही अ‍ॅडमिशन मिळेल.’ आणि टेस्टमध्ये पहिली आली तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘बरोबर आहे, तुझी आई इंडियन आहे ना.’ आता मुलगी बाबांना शाळेपाशी ट्रक आणू देत नाही आणि आजीशी स्पॅनिश बोलणं तिने बंद केलंय. ताई विचारतात, ‘तिला माझं आडनाव लावू का? कॉलेजच्या फॉर्मवर फक्त एशियन लिहायला सांगू का? डोकं तिला माझ्या बाजूचं मिळालंय, ते लोकांना दिसत का नाही? नवरा तर यावर काही बोलतच नाही.’

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या मैत्रिणीचं बोलणं. टीचरचं आणि काउन्सेलरचं वागणं चुकीचंच आहे, त्यावर काय करायचं ते पुढे सांगते, पण मैत्रिणीचं वाक्य बहुतेक कौतुकाने आलेलं असणार आणि म्हणूनच ते जास्त खोल जातं. विचार करा, सोळा वर्षांची मुलगी रात्री जागून अभ्यास करते, पहिली येते, आणि तिला ऐकायला काय मिळतं, तर हे तुझं नाही, तुझ्या आईच्या देशाचं आहे. नापास झाली असती तर? तर ते बाबांच्या खात्यात गेलं असतं. म्हणजे यश आईकडचं, शंका बाबांकडची, आणि स्वतः मुलीचं काहीच नाही. अशा हिशोबात ती बाबांचा ट्रक लपवायला लागली यात मला नवल वाटत नाही.

आता थोडं अवघड बोलते, रागावू नका. ‘डोकं माझ्या बाजूचं मिळालंय’ हे तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं घरात ते कधीतरी बोललंही गेलं असेल, आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर वगैरे, लाडाने. आपल्याकडे सगळेच बोलतात तसं, नाक आत्याचं, हट्ट मामाचा. पण तुमच्या घरात या वाक्याचा अर्थ बदलतो, कारण बाहेर तेच वाक्य तिच्या बाबांच्या लोकांना कमी ठरवायला वापरलं जातंय. तुमची लेक दोन्हीकडून तेच ऐकतेय. तुम्ही तिला ढाल द्यायला बघताय हे मला कळतंय, आईच्या काळजीतूनच आलंय ते, पण ही ढाल हातात घ्यायची तर तिला आधी हे मान्य करावं लागेल की मेक्सिकन लोकांबद्दल जे बोलतात ते खरंच आहे आणि मी तेवढी वेगळी आहे.

आणि ते खरं नाहीये. आपण भारतीय अमेरिकेत हुशार म्हणून ओळखले जातो याचं मोठं कारण म्हणजे आपल्यासाठी दार कोणतं उघडलं हे आहे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर भारतातून जे गेले त्यात डॉक्टर, इंजिनीअर, मास्टर्स करायला गेलेले असे निवडून घेतलेले लोक खूप होते, पुढे एच-वन व्हिसाने तेच चालू ठेवलं. मेक्सिकोच्या लोकांसाठी दार होतं शेतमजुरीचं. १९४२ ते १९६४ ब्रासेरो नावाची सरकारी योजनाच होती, त्यात सुमारे ४६ लाख मजुरी करार झाले, बहुतेक शेतावरचे. मजूर म्हणूनच बोलवायचं आणि मग हे मजूरच असतात म्हणायचं, असं झालं ते. आणि कित्येक घरं तर कुठून आलीच नाहीत, टेक्सास १८४५ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा ती तिथेच होती. सॅन अँटोनियो तर १७१८ पासूनचं स्पॅनिश वसाहतीचं गाव! यात रक्ताचा आणि डोक्याचा संबंध येतो कुठे?

‘इंडियन’ या शिक्क्याचंही काही कायम नाही बरं का. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या तिथे राहणाऱ्या एका पंजाबी माणसाच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतीय लोक ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असा निकाल दिला होता, ज्यांना मिळालं होतं त्यातल्या कित्येकांचं नागरिकत्व काढून घेतलं. त्याच काळात कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, शेकडो घरं होती अशी. लेकीला हे जरूर सांगा, तिच्यासारखी मुलं शंभर वर्षांपूर्वीही अमेरिकन शाळेत जात होती.

आता आडनावाचं. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर गावात १९४० च्या दशकात मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या असायच्या. सिल्विया मेंडेझ नावाची लहान मुलगी, तिचे भाऊ आणि आतेभावंडं अशी सगळी त्यांच्या आत्याबरोबर गोऱ्या मुलांच्या शाळेत नाव घालायला गेली. आत्याची मुलं उजळ होती आणि त्यांचं आडनाव विदौरी, फ्रेंच वाटणारं, त्यांना शाळा घ्यायला तयार झाली. मेंडेझ मुलांना सांगितलं, तुमची शाळा तिकडे. आत्याने काय केलं? स्वतःच्या मुलांनाही तिथे घातलं नाही, सगळ्यांना घेऊन घरी आली. मग सिल्वियाच्या वडिलांनी आणखी चार कुटुंबांबरोबर १९४५ मध्ये केस केली, १९४६ मध्ये ती जिंकली, १९४७ मध्ये वरच्या कोर्टानेही निकाल कायम ठेवला. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा ब्राउन निकाल १९५४ चा, म्हणजे त्याच्याही आधीची ही गोष्ट. सिल्वियाबाईंना २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

मला त्या आत्याचं फार कौतुक वाटतं, तिच्या मुलांचं काम तर झालेलं होतं ना. तुमच्या लेकीने पुढे कधी स्वतःच्या मर्जीने तुमचं आडनाव जोडलं तर छानच आहे, दोन्ही आडनावं लावायची पद्धत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांमध्ये जुनीच आहे. पण आज, या कारणासाठी, बाबांचं पुसून तुमचं लावणं म्हणजे तिला लाज वाटतेय ती बरोबर आहे असं आपणच सांगितल्यासारखं होईल. तिने मागितलंय का ते तरी? पत्रात तसं कुठे दिसलं नाही मला.

फॉर्मचं व्यवहाराने बघू. कॉलेजच्या फॉर्मवर हिस्पॅनिक आहात का आणि रेस म्हणजे वंश काय हे बहुतेक वेळा वेगवेगळे प्रश्न असतात आणि रेसमध्ये एकापेक्षा जास्त खुणा करता येतात, त्यामुळे ती हिस्पॅनिक आणि एशियन दोन्ही लिहू शकते, ते खरंही आहे, किंवा काहीच लिहिलं नाही तरी चालतं. दुसरं म्हणजे जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅडमिशनमध्ये रेसचा विचार करणं बंद केलंय. तेव्हा ‘तुला हिस्पॅनिक म्हणून मिळेल’ हे वर्गातलं बोलणं आता कायद्यानेच चुकीचं आहे, आणि फक्त एशियन लिहूनही काही फायदा नाही. निबंधात स्वतःच्या अनुभवाबद्दल लिहायची मुभा त्या निकालातही आहे. पण तिच्यावर ‘हा त्रास निबंधात लिही, चांगला इफेक्ट पडेल’ असा दबाव आणू नका हं, तिला ओझोनवर लिहायचं असेल तर ओझोनवर लिहू दे.

टेक्सासमध्ये तर अजून सोपं आहे. १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या १० टक्क्यांतल्या मुलांना तिथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये थेट प्रवेश मिळतो, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत मात्र मर्यादा कडक आहे, २०२६ च्या फॉलपासून (ऑगस्टमध्ये सुरू होणारं सत्र) वरचे ५ टक्केच. तिथे आडनाव कोणी बघत नाही, रँक बघतात. फक्त प्रवेश मिळाला म्हणजे हवा तो मेजर (मुख्य विषय) मिळालाच असं नसतं, ते वेगळं बघावं लागतं. म्हणून काउन्सेलरचा सल्ला हा फक्त अपमान नाहीये ताई, एपीसारख्या कोर्सेसचे मार्क अनेक शाळांमध्ये रँक काढताना जास्त वजनाने धरतात, ते कोर्स सुटले तर रँक जाते आणि रँक गेली की हा थेट रस्ता बंद होतो. इथे गप्प बसायचं नाही.

काउन्सेलरची वेळ मागून घ्या, लेकीला बरोबर न्या, तिला चालत असेल तर बाबांनाही, खरं तर बाबा आले तर मला फार आवडेल. मार्कशीट समोर ठेवा आणि शांतपणे एकच विचारा, ‘यातल्या कोणत्या मार्कांवरून तुम्ही तो कोर्स सुचवलात?’ मग थांबा. उत्तर त्यांना देऊ द्या, तुम्ही मधली शांतता भरू नका. ‘तुम्ही रेसिस्ट आहात’ असं म्हणालात की चर्चा त्यांचं मन किती चांगलं आहे यावर जाते आणि कोर्स बाजूला राहतात. मन कसंही असो, आपल्याला पुढच्या वर्षीचं टाइमटेबल हवंय. तिथून निघाल्यावर त्याच दिवशी ईमेल करा, आज हे बोलणं झालं, हे कोर्स ठरले, काही चुकलं असेल तर कळवा. लेखी असलं की लोक जपून वागतात. नाहीच ऐकलं तर प्रिन्सिपल, मग स्कूल डिस्ट्रिक्टचं (त्या भागातल्या शाळा चालवणारं) ऑफिस, आणि १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याखाली केंद्राच्या शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडेही तक्रार करता येते, साधारण १८० दिवसांच्या आत करावी लागते, म्हणून तारखा आत्तापासूनच लिहून ठेवा. टीचरचा तो प्रश्न पण तारखेसकट लिहा. एकदाच झालं असेल तर सोडून देता येईल, पुन्हा झालं तर ती नोंद लागेल.

ब्यूटीपार्लरचं काम हलकं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, कोणाला आवडीने करायचं असेल तर तो चांगला धंदा आहे. तिने मागितलेलं नसताना चेहरा बघून तिच्या हातात दिलं, तक्रार त्याची आहे.

वर्गातल्या मुलांचं वेगळं. ती मुलं लहान आहेत, घरी ऐकलेलं बोलतात, आणि प्रत्येकाला शिकवत बसणं ही तुमच्या लेकीची नोकरी नाही. तिला हे मोकळेपणी सांगा की कधी उत्तर द्यावंसं वाटलं तर दे, दमली असशील तर नको देऊस, गप्प राहिलीस म्हणजे हरलीस असं नाही. उत्तर द्यायचं तर सगळ्यात चांगलं म्हणजे उलट विचारणं, ‘म्हणजे काय म्हणायचंय तुला?’ बहुतेक जण समजावून सांगायला लागले की स्वतःच अडखळतात. आणि त्या मैत्रिणीला, ती खरी मैत्रीण असेल तर, एकटीला गाठून सांगू दे की ते ऐकून मला वाईट वाटलं, अभ्यास मी केला होता. ‘तू बाकीच्यांसारखी नाहीस गं’ हेही तिला लवकरच ऐकू येईल, आलंही असेल. ते कौतुक घ्यायचं नाही, कारण बाकीचे म्हणजे तिचे चुलतभाऊ, तिची आजी.

परीक्षेबद्दल एक, आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, ज्यांच्या मुलांवर असा कुठलाही शिक्का आहे त्या सगळ्या आईबापांसाठी आहे. १९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन यांनी दाखवलं की आपल्या गटाबद्दलचा वाईट समज परीक्षेच्या वेळी डोक्यात आला तर हुशार मुलांचेही मार्क कमी येऊ शकतात. १९९९ मध्ये मार्गारेट शी, टॉड पिटिन्स्की आणि आपल्या केरळच्या नलिनी अंबाडी यांनी आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलींवर प्रयोग केला, गणिताच्या आधी आशियाई असण्याची आठवण दिली तर त्यांनी बरं केलं आणि बाई असण्याची दिली तर कमी. पुढे हा प्रयोग पुन्हा करून बघितला तेव्हा एका ठिकाणी साधारण तसंच आलं, एका ठिकाणी नाही आलं, त्यामुळे हा काही पक्का नियम म्हणून धरू नका. पण एक काळजी घेणं आपल्या हातात आहे, परीक्षेला निघताना ‘दाखवून दे त्यांना’ म्हणू नका. म्हणावंसं वाटतं, मला माहितेय. पण मग ती पेपर केमिस्ट्रीचा लिहिणार का सगळ्या समाजाच्या वतीने लिहिणार? खाऊन जा, पाणी बरोबर घे, एवढं पुरे.

आता तिच्या बाबांबद्दल. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं धरू नका. टेक्सासमधल्या शाळांत स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना शिक्षा व्हायची, हे काही फार जुनं नाही. त्यांच्या आईला विचारा. १९६८ च्या एप्रिलमध्ये तुमच्याच सॅन अँटोनियोतल्या लॅनियर हायस्कूलच्या मुलांनी आंदोलन केलं होतं, मागण्या काय होत्या माहितेय? शाळेत स्पॅनिश बोलू द्या, आणि आम्हाला केमिस्ट्री, फिजिक्स, कॅल्क्युलस असे कॉलेजला उपयोगी पडणारे विषय द्या. पुढच्या महिन्यात एजवूड हायस्कूलची मुलं गळकी, मोडकी शाळा आणि अपुरे शिक्षक याविरुद्ध वर्गाबाहेर पडली. तुमच्या सासूबाई त्या वेळी साधारण तुमच्या लेकीच्याच वयाच्या असणार! त्या कुठल्या शाळेत होत्या, त्यांना कोणते विषय घेऊ दिले, घरी कोणती भाषा बोलायची ठरलं आणि का, हे नातीने त्यांना विचारायला हवं, आणि स्पॅनिशमध्येच विचारायला हवं, मोडकंतोडकं का होईना. तुम्ही सांगितलं तर उपदेश होईल. आजीने सांगितलं तर ती गोष्ट तिची होईल, मग एपी केमिस्ट्रीच्या वर्गात बसताना तिला माहीत असेल की ही खुर्ची कोणीतरी भांडून मागितली होती.

आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिला बाबांबरोबर कामाच्या जागी जाऊ दे. उतार किती, किती फुटाला किती चढ, कोपऱ्यात वाया किती जाणार, १०० चौरस फुटांचा एक स्क्वेअर धरून माल किती मागवायचा, हे ते कागदावर झरझर करत असणार. डोकं फक्त तुमच्याकडून आलं असं तिला मग वाटणार नाही. अर्थात हा हिशोब ते करत नसते तरी ट्रक लपवण्यासारखं काही नव्हतंच, एवढं नीट समजून तिला पाठवा.

आपल्या माणसांचंही बोलायला हवं. मंडळाच्या गणपतीत, पॉटलकला ‘मेक्सिकन बाई येते क्लिनिंगला, लक्ष ठेवावं लागतं’, ‘त्या शाळेत नको घालू, तिथे मेक्सिकन फार’ हे तुम्हीही ऐकलं असेल, तुमच्या लेकीच्या देखत. आपण आडनावावरून माणूस ओळखायची सवय गावाकडून घेऊन गेलोय, आणि मुंबईत बाहेरून आलेल्या मजुराबद्दल आपण कसं बोलतो तेही आठवून बघा. पुढच्या वेळी तुम्ही तिथल्या तिथे बोला, मोठं भाषण नको, ‘माझं सासर मेक्सिकन आहे, असं बोलू नका’ एवढंच, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुमच्या लेकीला काउन्सेलरच्या ऑफिसात तुम्ही बोलाल याची खात्री आहे. आपल्या लोकांपुढे बोलाल का, याची तिला नसेल. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी, ज्यांची मुलं अशा वर्गात ‘हुशार इंडियन’ म्हणून मिरवतात, त्यांनी घरी एकदा विचारावं की शेजारच्या बाकावरच्या हिस्पॅनिक मुलीला तुम्ही काय म्हणता.

तिला सोबत लागेल. हिस्पॅनिक इंजिनीअर्सची एसएचपीई म्हणून संस्था आहे, १९७४ पासूनची, युनिव्हर्सिट्यांमध्ये त्यांचे गट असतात, काही ठिकाणी हायस्कूलच्या मुलांचेही. तिथल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीशी महिन्यातून एकदा बोलणं झालं तरी तिला कळेल की हे प्रश्न एकटीलाच पडत नाहीत. मोठ्या माणसांचे फोटो भिंतीवर लावा असं मी सहसा सांगत नाही, रोजचा साधा मान मिळवायला कोणी नोबेलवाला असावं लागत नाही. पण पोरगी केमिस्ट्रीवाली आहे म्हणून सांगते, ओझोनचा थर कशाने विरतोय हे शोधून १९९५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळवणारे मारियो मोलिना मेक्सिको सिटीचे, आणि पिरियॉडिक टेबलमधलं व्हॅनेडियम पहिल्यांदा सापडलं तेही मेक्सिकोत, १८०१ मध्ये. २३ नंबरला आहे, तिला दाखवा.

ज्यांची मुलं अजून पाचवी-सहावीत आहेत त्यांच्यासाठी, टेक्सासने २०२३ मध्ये कायदा केलाय की पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत आपोआप अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ्समध्ये घालायचं, पालकांनी नको म्हटलं तरच काढायचं. कोणाच्या शिफारशीवर सोडलं की चांगले मार्क असलेली हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय मुलं मागे राहत होती म्हणून हे करावं लागलं. तुमच्या मुलाचं नाव त्या यादीत आहे का हे शाळेला विचारा, तिथून एक वर्ष गेलं की आठवीत अल्जेब्रा मिळत नाही आणि मग बारावीत कॅल्क्युलस गाठणं कठीण होतं.

ताई, पुढच्या वर्षीच्या कोर्सेसचा फॉर्म कधी भरायचा ते उद्याच शाळेला विचारा आणि त्याच्या आधीची काउन्सेलरची वेळ घ्या. काय ठरलं ते मला कळवा, आणि आजीने काय सांगितलं तेही, लेकीची हरकत नसेल तर.